घरात बोलतं कोण

धामणकर नाका, भिवंडी
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सखीताईस,

मनिषाचा नमस्कार. बाबांना आणि दाजींना नमस्कार सांग. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, तुम्हीही तसेच असाल.

पत्र बघून नवल वाटेल तुला. आश्रमशाळेत गुरुजी पत्रलेखन शिकवायचे, तेव्हा मला हसू यायचं. आपली सगळी माणसं एकाच पाड्यावर, पत्र लिहायचं कुणाला? तेव्हा दहापैकी नऊ मार्क मिळाले होते, ते आज कामाला येतायत.

भात कापून झालं असेल. यंदा कसं उतरलं? झोडायला माणसं मिळाली का? दिवाळीत यायचं फार मनात होतं, पण दिनेशला सुट्टीच नव्हती. सणाला वडप्याच्या गोदामात माल दुप्पट येतो, ड्युटीवर ड्युटी. तो आता टीम लीडर झालाय. गळ्यात कार्ड असतं, फोटोवाला. फोटोत हसलेला नाही.

खोली तीच आहे, तू पाहिलेली. तू आलीस तेव्हा खिडकीला जाळी नव्हती, ती आता बसवून घेतली. ऋतिका वर चढते ना, म्हणून. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम सकाळपासून चालू असतात. त्याची सवय झाली. उलट लाईट गेली की सगळं एकदम गप्प होतं, तेव्हाच कसंतरी होतं.

ऋतिका मजेत. सव्वादोन वर्षांची झाली. पळते, चपला स्वतः घालते, उलट्या. डाळ सांडली की आपण होऊन फडकं आणते. मी नुसतं दाराकडे बघितलं तरी तिला कळतं की बाहेर जायचंय. फार समजूतदार आहे. त्रास म्हणून काही नाही. बोलते पण, थोडं थोडं.

फोन का केला नाहीस म्हणशील. फोन दिवसभर तिच्याच हातात असतो, कार्टून बघते. काढून घेतला तर आकांत करते. शिवाय इकडे लूमचा आवाज, ऐकू येत नाही नीट.

एक काम होतं. आपल्याकडे वेखंड असेल तर थोडं पाठवशील? दाजी अंबाडीच्या बाजाराला येतात तेव्हा भिवंडीच्या जीपवाल्याकडे दिलं तरी चालेल, नाक्यावर दिनेश घेईल. ऋतिकाला खोकला झालाय, म्हणून.

बाकी विशेष काही नाही. उत्तर पाठव. फार मोठं नको, दोन ओळी चालतील.

तुझी लहान बहीण,
मनिषा


धामणकर नाका, भिवंडी
१२ जानेवारी २०२५

सखीताई,

वेखंड मिळालं. कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून. सुतळीची गाठ तुझीच होती. कागद उलगडून मी दोन्ही बाजूंनी बघितला. कोरा होता.

खोकला नव्हता झालेला. तुला कळलंच असेल. वेखंड उगाळून मधात पोरांच्या जिभेला कशासाठी लावतात, ते तूच मला दाखवलंयस.

ऋतिका बोलत नाही, ताई. थोडं थोडंसुद्धा नाही. एक ‘बा’ आहे. पाणी पाहिजे तरी ‘बा’, दार उघड म्हणून ‘बा’, दिनेश आला तरी ‘बा’. बाकी बोट दाखवते आणि माझा पदर ओढते. ‘आई’ म्हणालेली नाही अजून.

समोर नसीमआपा राहतात, उत्तर प्रदेशच्या. नवरा लूमवर आहे. त्यांची पोरगी आमच्या ऋतिकापेक्षा लहान. परवा ती दारात उभी राहून म्हणाली, “अम्मी, पानी दो. ठंडावाला.” आपा कौतुकाने म्हणाल्या, “ये तो मशीन है, बंद ही नहीं होती.” मग ऋतिकाकडे बघून हळूच म्हणाल्या, “मनीसा, इसका कान दिखाया क्या?” मी आत आले आणि कडी लावली.

दिनेशची आई म्हणते, तोही उशिराच बोलला होता. दिनेश काही म्हणत नव्हता. पण नाक्यापलीकडच्या इंग्रजी शाळेत नर्सरीची चौकशी करायला गेलो, तर तिथल्या मॅडमनी ऋतिकाला नाव विचारलं. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. ती मॅडमच्या टेबलावरच्या पेनाकडे बोट दाखवून ‘बा’ म्हणाली. मॅडम म्हणाल्या, “आधी हिला डॉक्टरांना दाखवून या.” जिना उतरताना दिनेशने तिला इतकं घट्ट धरलं होतं की ती रडायला लागली.

मग सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक डॉक्टरबाई फक्त बोलण्या-ऐकण्याचंच बघतात. आधी मशीनवर कान तपासले. ऐकू स्वच्छ येतं म्हणाल्या. मग तिच्यासमोर खेळणी मांडली. “बाहुलीला पाणी पाज बघू.” तिने पाजलं. “गाडी बाबांना दे.” दिली. बाई काहीतरी लिहीत होत्या आणि हसत होत्या. मला तेवढ्यात बरं वाटायला लागलं होतं.

मग त्यांनी मला विचारलं, “दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?”

मी माझ्याकडे बोट केलं.

“काय काय बोलता तिच्याशी?”

मी मान हलवली. हो पण नाही आणि नाही पण नाही, तशी.

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि दिनेशला विचारलं, “या बोलत नाहीत का?”

त्यांना वाटलं, मी मुकी आहे. दिनेशचा चेहरा लाल झाला. “नाही नाही, बोलते की. बोल ना गं!”

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. बोलायचं होतं, पण कुठला शब्द आधी काढावा तेच कळेना, आणि तो नीट आला नाही तर दोघंही ऐकतील असं वाटलं. बाईंनी दिनेशला काहीतरी कागद आणायला बाहेर पाठवलं. त्यांनी त्याला मुद्दाम पाठवलं असणार. दार लोटून घेतल्यावर त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि काहीच विचारलं नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “मना शुद्ध बोलता येत न्हाय.”

बाई म्हणाल्या, “शुद्ध बोला असं मी कुठे म्हटलं? जे येतं ते बोला.”

आता ते लिहिते, जे मागच्या पत्रात जाळीचं लिहून टाळलं.

मे महिन्यात तू आलीस. हंडाभर जांभळं, कोंबडीची अंडी भुशात घालून आणलेली. ऋतिकाला मांडीवर घेऊन म्हणालीस, “काय गो रुतके, मावशीला वलखत न्हायस काय?” ती खदखदून हसली होती. आठवतं? तुझे ओठ धरायला बघत होती. आणि दिनेश म्हणाला, “सखीताई, तिच्याशी जरा नीट मराठीत बोला ना. आत्ताच ही सवय लागली तर पुढे शाळेत अवघड जाईल.”

तू माझ्याकडे बघितलंस. मी भाकरी उलटत होते. उलटतच राहिले.

राहायला म्हणून लुगडं घेऊन आली होतीस, दुपारच्या गाडीने परत गेलीस. तेव्हापासून तुझा फोन नाही. तुला वाटलं असेल, मनी शहराची झाली, नवऱ्याच्या बाजूने गेली. ताई, मी कुणाच्याच बाजूने गेले नव्हते. तो तुला जे एकदा म्हणाला, ते मला रोज म्हणत होता.

तो ओरडत नाही. ओरडला असता तर मी भांडले असते, तुला माहितीये मी कशी भांडते. मी ‘हाय’ म्हटलं की तो नुसता ‘आहे’ म्हणायचा. हळू आवाजात, मास्तर फळ्यावरचं पुसून लिहितो तसं. मी ‘न्हाय’ म्हटलं की तो ‘नाही’. मग मी बोलण्याआधी शब्द जुळवायला लागले. जुळवेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची. आधी ऋतिकाशी बोलणं थांबलं, मग त्याच्याशी कामापुरतं, मग भाजीवाल्यालासुद्धा बोट दाखवायला लागले. भागतं, ताई. बोटावर सगळं भागतं. लिहायला मला शुद्ध येतं, ते तर शाळेत शिकवलंय. जिभेवर मात्र आपलंच आहे.

फोन म्हणूनच केला नाही. तुझा आवाज आला असता आणि मी नुसती फोन धरून उभी राहिले असते.

पोरगी बोट दाखवते. ते तिला कुणी शिकवलं, ते त्या खोलीत बसल्या बसल्या मला कळलं.

बाईंनी दिनेशला आत बोलावून सांगितलं, मोबाईल बंद. म्हणाल्या, सगळी मुलं एकाच वेळी बोलत नाहीत. कुणी वर्षाला शब्द बोलतं, कुणी दोनाला, तशी ही मागे आहे हे खरं, पण हिला सगळं समजतं, नजरेला नजर देते, बोट दाखवून सांगते, म्हणून आत्ता घाबरू नका. घरात बोलणं वाढवा आणि उन्हाळ्यात परत आणा. दिनेशने विचारलं, “पण मॅडम, घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, गोंधळ नाही होणार?” बाई म्हणाल्या, “पोरं दोन-तीन भाषा आरामात उचलतात. पण पहिली कुठलीतरी भरपूर कानावर पडायला हवी ना. तुमच्या घरात बोलतं कोण?”

रिक्षाने नाक्यावर आलो. उतरताना दिनेश म्हणाला, “तू बोल तिच्याशी तुला हवं तसं. मी घरी नसेन तेव्हा.”

आता मी घरात बसले आहे, ती समोर डबे उपडे करतेय. फोन वर फळीवर ठेवलाय. काय बोलू? सुरुवात कुठून करतात? तू आमच्या सगळ्यांशी दिवसभर बोलायचीस, मला पाठीवर घेऊन पाण्याला जायचीस तेव्हासुद्धा. काय बोलायचीस गं?

वेखंड लावलं नाही. डॉक्टरबाई नको म्हणाल्या. पण फेकलं नाही.

मनी


भिवंडी
६ एप्रिल २०२५

सखीबाय,

दुसऱ्या पत्राचंही उत्तर आलं नाही. तरी सांगायचं आहे ते सांगते, कारण तुझ्याशिवाय सांगायला कुणी नाही.

पहिल्या दिवशी घसा बसला. खरंच बसला, सर्दी झाल्यासारखा. मी वाल सोलायला घेतले आणि तिला सांगायला लागले, ह्यो वाल हाय, ह्यो सोलायचा, ह्याची साल टाकायची, ह्यो किडका हाय. वेड्यासारखं वाटत होतं. ती डबे सोडून माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कार्टूनकडे बघायची तशी नाही. मग तिने माझ्या तोंडात बोट घातलं, आवाज कुठून येतो ते बघायला. मला हसू आलं आणि रडूही, आणि रडतानासुद्धा मी बोलत होते, की आई रडतं गो, काय न्हाय झाला, असंच रडतं.

मग रोज. कपडे धुताना, कांदा चिरताना, नाक्यावर जाताना. रिक्षावाले बघायचे. मी तिला आपल्या नदीचं सांगितलं, बाबांनी रात्रभर बसून विणलेल्या कणगीचं, तुझ्या लंगड्या कोंबडीचं. आईचं पण सांगितलं, मरायच्या आधी ती कशी होती ते. एवढ्याशा पोरीला ते काय कळणार! पण मला इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

बरेच दिवस काहीच झालं नाही. मग ती माझ्या बोलण्याचं शेपूट धरायला लागली. मी म्हणायची “चल गो”, ती म्हणायची “गो”. मी “कावला आला”, ती “आला”. आणि एके दिवशी मी तिच्या डोक्यावरून पाणी ओतलं आणि डोळे चोळत ती “आये” म्हणाली. रागावून म्हणाली, पाणी गरम होतं म्हणून. पण म्हणाली.

हे सगळं दिनेश घरी नसताना. त्याच्यासमोर मी परत गप्प व्हायची आणि तीही व्हायची. त्याला वाटत होतं, काही फरक नाही.

मग होळीच्या आसपास तो दुपारी घरी होता. जेवताना त्याने अंड्याचा तुकडा तिच्यापुढे धरला. “बेटा, अंडं खाणार?”

तिने त्याचा हात ढकलला. “न्हाय.”

तो थांबला. “काय म्हणाली?”

“न्हाय!” तिने मान हलवून मोठ्याने सांगितलं, बाबाला ऐकू येत नसल्यासारखं.

माझा घास हातातच. दिनेश अर्ध्या ताटावरून उठला आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागला. नळ चालू, हात कधीच धुऊन झालेले. मला वाटलं, आता संपलं सगळं. तो परत आला, भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, “गोदामात मला काय म्हणतात, माहितीये?”

मला माहीत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली, मला माहीत नव्हतं.

“न्हाय. कामाला लागलो त्या दिवशी साहेबाने विचारलं, फोर्कलिफ्ट येते का चालवायला. मी म्हटलं, न्हाय. सगळे हसले. तेव्हापासून तेच नाव पडलं. ‘ए न्हाय, इधर आ.’ टीम लीडर झालो तरी. नवीन आलेली पोरंसुद्धा मागून तेच म्हणतात. हिला कुणी अशी हाक मारू नये, एवढंच होतं माझं.”

मी त्याच्या ताटात परत भात वाढला. त्याने ऋतिकाकडे बघितलं आणि तोच अंड्याचा तुकडा उचलून, फार दिवसांनी जीभ आठवत असल्यासारखा, म्हणाला, “खाशील काय गो?”

“न्हाय.”

“न्हाय त न्हाय,” असं म्हणून त्याने तो तुकडा स्वतः खाल्ला. त्याचे डोळे भरले होते. मला दिसू नयेत म्हणून तो खालीच बघत राहिला.

बाय, त्यानंतर तिचं तोंड उघडलं ते बंद होत नाही. दोन-दोन शब्द जोडते. “बाबा न्हाय”, तो ड्युटीला गेला की. “पानी सांडला.” ‘क’ येत नाही, कावळ्याला ‘तावला’ म्हणते. ‘र’ तर नाहीच. स्वतःला ‘तिता’ म्हणते. दिनेशने हौसेने इतकं अवघड नाव ठेवलं आणि पोरीने त्याचं शेपूट तेवढं ठेवून घेतलं. आणि तिला काही पाहिजे असलं की म्हणते, “तुना पायजे!” मी तिला विचारते ना, तुना पायजे काय, म्हणून तिला वाटतं तिचंच नाव ‘तुना’. समोरच्या पोरीशी भांडताना अर्धं हिंदी, “मेतो न्हाय मंगता.” नसीमआपा पोट धरून हसल्या.

परवा डॉक्टरबाईंकडे परत नेलं. मी काळजीने ‘तुना’चं सांगितलं. बाई म्हणाल्या, सगळ्यांची पोरं या वयात असाच घोळ घालतात, आपोआप सुटतो. ‘क’ येईल, ‘र’ सगळ्यांत शेवटी येईल. आता फक्त बोलत राहा. मी बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. आनंदाची गोष्ट होती आणि कुणाला सांगू ते सुचेना. दिनेश ड्युटीवर. नसीमआपांना सांगितलं, त्यांनी मिठाई दिली, पण त्यांना माझं निम्मंच कळतं.

आता खरं लिहिते. पोरगी बोलायला लागली, पण माझ्याशी कोण बोलतं? दिनेश तिच्याशी आपल्या बोलीत बोलतो, तिला खांद्यावर घेऊन काय काय सांगतो. माझ्याशी अजून तसाच, कामापुरता, नीट मराठीत. त्याला लाज वाटते की सवय मोडली, मला समजत नाही. मी वाट बघते की एक दिवस मलाही म्हणेल, जेवलीस काय गो. अख्ख्या भिवंडीत माझ्याशी आपल्यासारखं बोलणारं एकच माणूस आहे आणि त्याला अजून ‘क’ म्हणता येत नाही. दुपारी ती झोपली की मी एकटीच काहीतरी बोलते, मग गप्प होते. लूम चालू असतात.

आणि मग काल तुझा फोन आला.

माझे हात पिठात होते, ऋतिकाने उचलला. “तोन?” म्हणाली. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. “मी सखीमावशी गो. तू कोन?” “तिता!” आणि मग तिने तुला सगळं सांगितलं, तावला आला, भातल खाल्ली, पडली, बाऊ झाला. तुला निम्मं तरी कळलं का? भातल म्हणजे भाकर. पण तू हसत होतीस. किती दिवसांनी ऐकलं तुझं हसणं! मी पिठाचे हात तसेच धरून उभी होते, श्वाससुद्धा हळू घेत होते. मला वाटत होतं, आता म्हणशील, आईला दे. आता म्हणशील.

तू म्हणालीस, “बरा हाय, र्‍हा गो बाय, मावशी ठेवतं आता.” आणि ठेवलास.

ऋतिकाने फोन कानाला लावून जरा वेळ ऐकलं, मग माझ्याकडे धरला. “मावची न्हाय,” म्हणाली.

तिच्याशी बोललीस, फार बरं केलंस. दुसरं पत्र पोचलं हेही त्यामुळे कळलं, नाहीतर तू फोन कशाला केला असतास! मी तुला त्या दिवशी थांबवलं नाही, याचा राग तुझ्या मनातून गेला नसेल तर नसू दे. राग घेऊनच बोल. पण पुढल्या खेपेला पोरीनं फोन उचलला, तर म्हण, मनीला दे. काय बोलायचा त्याची काळजी करू नको. कोंबड्यांचा बोल, दाजींच्या कागाळ्या कर, मना शिव्या दे. मी मधी बोलनार न्हाय. आन बोलले, त तू ऐक.

मी हाय, बाय.

मनी